डोक्यावरचा रुमाल, पायाखालचं मैदान

२९ जुलै २०१७. बंगळुरूचं श्री कांतीरवा इनडोअर स्टेडियम. महिलांच्या आशियाई चषक बास्केटबॉल स्पर्धेतला ब गटाचा अंतिम सामना. एका बाजूला यजमान भारत, दुसऱ्या बाजूला कझाकस्तान. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा फलकावर आकडे होते ७५-७३. अवघ्या दोन गुणांनी भारत जिंकला आणि आपल्या मुली अ गटात जाऊन बसल्या. या संघात पुण्याची शिरीन लिमयेही होती. क्रिकेटवेड्या देशात ही बातमी आतल्या पानावर गेली, पण ज्यांनी तो सामना पाहिला ते अजून त्याच्याबद्दल बोलतात.

त्याच आठवड्यात, त्याच लाकडी मैदानावर, एखादी मुलगी डोक्याला रुमाल बांधून उतरली असती तर? पंचांनी तिला बाहेर उभं केलं असतं. ती कितीही चांगली खेळत असो! नियमच तसा होता. गंमत अशी की हा नियम बदलायचं तोवर ठरूनही गेलं होतं. ४ मे २०१७ रोजी हाँगकाँगमध्ये जागतिक बास्केटबॉल महासंघाने, म्हणजे ‘फीबा’ने, डोकं झाकून खेळायला परवानगी देणारा ठराव केला. पण अंमल मात्र १ ऑक्टोबरपासून. बंगळुरूची स्पर्धा नेमकी मधल्या पाच महिन्यांत आली आणि जुन्याच नियमाखाली खेळली गेली.

एक रुमाल. त्याच्यावरून मैदानांवर काय काय घडून गेलं, याची ही कथा आहे.

आधी एक गोष्ट साफ केलेली बरी. आपल्याकडे बुरखा, नकाब आणि हिजाब हे तिन्ही शब्द एकाच पिशवीत कोंबले जातात. बुरखा सगळं अंग झाकतो. नकाब चेहऱ्यावर येतो. हिजाब म्हणजे केस, कान आणि मान झाकणारा रुमाल. चेहरा पूर्ण उघडा. खेळाच्या मैदानावर वाद झाला तो या तिसऱ्यावरून.

बास्केटबॉलच्या नियमपुस्तकात खेळाडूने काय घालू नये याची यादी होती. तीत दागिने होते, केसांतल्या क्लिपा होत्या आणि डोक्यावर घालायची कुठलीही वस्तू होती. कपाळावरची घामपट्टी चाले. कारण सांगितलं जाई सुरक्षिततेचं. एखादीची टाचणी दुसरीच्या डोळ्यात जाईल, रुमाल ओढला जाऊन गळ्याला फास बसेल… ऐकायला पटण्यासारखं आहे. टाचणी लावून कुणी खेळू नये हे कुणालाही मान्य होईल. पण टाचणी नको म्हणायच्या ऐवजी नियमाने डोकंच उघडं करायला सांगितलं!

या नियमाचा तडाखा फक्त मुसलमान मुलींना बसला असंही नाही. जुलै २०१४ मध्ये चीनमधल्या वुहान शहरात पुरुषांचा आशियाई चषक होता. भारतीय संघातल्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या दोन शीख खेळाडूंना पंचांनी पगडी उतरवायला सांगितलं. दोघंही त्याआधी पगडी घालूनच खेळत आले होते, कुणी हरकत घेतली नव्हती. नाइलाजाने त्यांनी पगडी काढली, केस बांधले आणि खेळले. याच स्पर्धेत भारताने चीनला ६५-५८ असं हरवलं. आशियातल्या सर्वांत बलाढ्य संघावर मिळालेला तो आपला पहिला विजय. इतक्या मोठ्या आनंदाच्या आठवणीला ही पगडीची गोष्ट चिकटून राहिली.

दोनच महिन्यांनी दक्षिण कोरियात इंचॉनला आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. २४ सप्टेंबरला कतारच्या मुलींचा सामना मंगोलियाशी होता. मुली हिजाब घालून मैदानावर आल्या. पंच म्हणाले, काढा. त्या म्हणाल्या, नाही. सामना मंगोलियाला बहाल झाला. पुढचा सामना नेपाळशी होता, त्यालाही कतारचा संघ उतरला नाही आणि स्पर्धा सोडून निघून गेला. नवलाची बाब म्हणजे त्याच स्पर्धेत इतर काही खेळांत हिजाबवाल्या मुली बिनदिक्कत खेळत होत्या. रस्ता एक, गाव एक, फक्त मैदान बदललं की नियम बदलत होता.

पण या सगळ्यात ज्या मुलीचं सर्वांत जास्त नुकसान झालं, ती ना कतारची होती, ना भारताची. ती अमेरिकेची.

तिचं नाव बिलकिस अब्दुल-कादिर. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं स्प्रिंगफील्ड हे तिचं गाव. बास्केटबॉलचा जन्मच या गावात झाला, १८९१ साली. जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात पोरांना गुंतवून ठेवण्यासाठी पीचच्या टोपल्या टांगल्या, तेच हे गाव. बिलकिस घरातल्या भावंडांबरोबर लहानपणापासून चेंडू आपटत वाढली. साधारण चौदाव्या वर्षी, शाळेत असतानाच, तिने हिजाब घालायला सुरुवात केली. लांब बाह्या, पायभर विजार, त्यावर संघाची जर्सी आणि डोक्यावर घट्ट बांधलेला रुमाल. अशा वेषात ती धावायची आणि समोरच्या संघाची दाणादाण उडवायची.

त्या राज्यात शालेय पातळीवर सर्वाधिक गुणांचा विक्रम रिबेका लोबोच्या नावावर होता, २७४० गुणांचा. लोबो पुढे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणारी मोठी खेळाडू झाली. तिचा हा विक्रम अठरा वर्षं टिकला. २६ जानेवारी २००९ रोजी बिलकिसने तो मोडला. शाळा संपवली तेव्हा तिच्या खात्यावर ३०७० गुण होते. मुलांमध्ये आणि मुलींमध्ये मिळून, साऱ्या राज्यात इतके गुण तोवर कुणी केले नव्हते! त्याच वर्षी रमजानमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी व्हाइट हाउसमध्ये इफ्तारची दावत दिली, तिचं निमंत्रण या शाळकरी वयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीला गेलं.

पुढे मेम्फिस विद्यापीठ. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या वरच्या श्रेणीत हिजाब घालून खेळणारी ती पहिली मुलगी. तिथल्या विद्यापीठ संघटनेचे नियम वेगळे; त्यांनी तिला मुभा दिली. २०१३ मध्ये पदवी मिळाली, आणखी एक वर्ष इंडियाना स्टेट विद्यापीठाकडून ती खेळली. आता पुढची पायरी युरोपातल्या व्यावसायिक संघांची. खेळाडूंच्या मुलाखती, करार, परदेशी शहरं… मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने लहानपणापासून पाहिलेलं स्वप्न. आणि इथे तिला कळलं की युरोपातले सामने ‘फीबा’च्या नियमांनी खेळले जातात. रुमाल काढला तरच करार!

तेवीस वर्षांची मुलगी. तिच्यासमोर दोनच वाटा ठेवल्या होत्या. तिने रुमाल ठेवला आणि खेळ सोडला. सोडला म्हणजे चेंडू अडगळीत टाकला असं नव्हे. मेम्फिसमधल्या एका शाळेत ती मुलींना खेळ शिकवू लागली आणि त्याचबरोबर नियम बदलावा म्हणून मोहीम उभी केली. तिच्यासारख्याच आणखी काही मुली सोबत आल्या, सह्या गोळा झाल्या, पत्रं गेली. ‘फीबा’ने २०१४ च्या सप्टेंबरात दोन वर्षं ‘प्रयोग’ करायचं ठरवलं. प्रयोग संपायला, अहवाल यायला, मसुदा व्हायला, ठराव व्हायला २०१७ चा मे उजाडला.

काय होता तो नवा नियम? वाचून हसू येतं, इतका साधा. डोक्यावरचं वस्त्र काळं, पांढरं किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचं असावं. संघातल्या सगळ्यांचं एकाच रंगाचं असावं. चेहरा झाकू नये. चेहऱ्याभोवती किंवा गळ्याभोवती उघडझाप करायचं बटण-हूक नसावं. कुठला भाग बाहेर लोंबू नये. संपलं! एखाद्या शिंप्याने दुपारच्या चहापर्यंत सुचवलं असतं, ते सुचायला महासंघाला तीन वर्षं लागली.

खेळाडूचं आयुष्य मात्र तीन वर्षं थांबत नाही. तेवीस ते सव्वीस हे बास्केटबॉलपटूचे ऐन उमेदीचे दिवस. नियम बदलला तेव्हा बिलकिस संसारात आणि शिकवण्यात रमली होती. व्यावसायिक खेळाकडे ती परत वळली नाही. २०१८ मध्ये तिच्यावर एक माहितीपट निघाला. त्याचं नावच आहे ‘बास्केटबॉलविना आयुष्य’.

फुटबॉलने हाच धडा थोडा आधी गिरवला. २००७ मध्ये कॅनडातल्या क्विबेक प्रांतात अकरा वर्षांच्या एका मुलीला हिजाबमुळे सामन्यातून बाहेर काढलं, तेव्हा तिचा अख्खा संघ मैदान सोडून गेला. ३ जून २०११ रोजी जॉर्डनच्या अम्मानमध्ये इराणच्या मुली ऑलिंपिक पात्रतेच्या सामन्यासाठी रांगेत उभ्या होत्या आणि ऐनवेळी त्यांना खेळता येणार नाही असं सांगण्यात आलं. सामना जॉर्डनला दिला गेला. जॉर्डनचेच राजपुत्र अली बिन अल-हुसेन तेव्हा ‘फिफा’चे उपाध्यक्ष होते. आपला संघ जिंकला म्हणून ते खूश झाले नाहीत. त्यांनी हा नियम बदलायचा ध्यास घेतला. एका डच मुलीने १९९९ मध्ये पदवीचा प्रकल्प म्हणून ताणला की सुटून येणारा, टाचणी नसलेला खेळाचा हिजाब शिवून दाखवला होता, तसे नमुने तपासले गेले आणि मार्च २०१४ मध्ये फुटबॉलचा दरवाजा उघडला. ३० जुलै २०२३ रोजी ऑस्ट्रेलियात अॅडलेडला मोरोक्कोची बचावपटू नुहैला बेनझिना हिजाब घालून विश्वचषकात उतरली. असं करणारी ती पहिली. त्या दिवशी मोरोक्कोने दक्षिण कोरियाला १-० असं हरवलं. उलट फ्रान्समध्ये देशांतर्गत फुटबॉलमधली बंदी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्याच वर्षी जूनमध्ये कायम केली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाहुण्या देशांच्या मुली रुमाल बांधून खेळल्या, यजमान देशाच्या मुलींना मात्र मनाई होती.

कपड्यामुळे खेळ सोडावा लागलेली बिलकिस, तशी कपड्यामुळेच खेळ सापडलेलीही एक आहे. इब्तिहाज मुहम्मद. न्यू जर्सीची. शाळेच्या प्रत्येक खेळात तिची आई तिच्या गणवेशाला बाह्या जोडून द्यायची, पाय झाकणारी विजार शिवून द्यायची. साहजिकच ती मैदानात वेगळी दिसायची. एक दिवस मायलेकी मोटारीतून जात असताना आईला एका शाळेच्या खिडकीतून मुलं दिसली. पायापासून गळ्यापर्यंत पांढरा पोशाख, तोंडावर जाळीचा मुखवटा, हातात तलवार! तलवारबाजीत सगळेच झाकलेले असतात. आईने मुलीला तिथे घातलं. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये इब्तिहाजने अमेरिकेच्या संघातून कांस्यपदक मिळवलं. आईच्या नजरेने वाट काढली ती अशी.

असाच आणखी एक खेळ आहे, आपल्याकडे फारसा माहीत नसलेला. रोलर डर्बी. चाकांच्या बुटांवरून गोलाकार धावपट्टीवर खेळायचा. मूळ १९३५ सालचा, शिकागोचा. पण आजचं त्याचं रूप २००१ नंतर टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या बायकांनी घडवलं. मराठी वाचकाला तो चटकन समजेल, कारण त्यात आपल्या कबड्डीचा अंश आहे. दोन्ही संघांच्या पाच-पाच मुली मैदानात. प्रत्येक संघातली एक ‘जॅमर’, हेल्मेटवर चांदणी लावलेली. ही म्हणजे आपली चढाई करणारी. बाकी चौघी अडवणाऱ्या. जॅमरने समोरच्या चौघींची भिंत फोडून पुढे निसटायचं, फेरी मारून परत यायचं आणि मागे टाकलेल्या प्रत्येकीमागे एक गुण घ्यायचा. एक डाव जास्तीत जास्त दोन मिनिटांचा, सामना तासाभराचा. खांद्याने, कमरेने धडक मारायला पूर्ण परवानगी. पडणं हा खेळाचाच भाग! डोक्याला हेल्मेट, कोपर-गुडघ्यांना गाद्या, मनगटाला पट्ट्या, दातांत रबरी कवच. पाठीवर खरं नाव नाही, खेळाडूने स्वतः ठेवलेलं खट्याळ टोपणनाव.

आता हेल्मेटखाली केस आहेत की रुमाल, हे विचारणार कोण? २०१२ मध्ये इजिप्तची राजधानी कैरोमध्ये ‘कैरोलर्स’ नावाचा देशातला पहिला रोलर डर्बी संघ उभा राहिला. त्यात काही मुली हिजाबवर हेल्मेट चढवून खेळल्या, काही मोकळ्या केसांवर. इतक्या आडदांड खेळात, जिथे हाडं मोडू शकतात, तिथे रुमाल धोक्याचा ठरला नाही. बास्केटबॉलमध्ये, जिथे नुसता हात लागला तरी शिट्टी वाजते, तिथे तो धोक्याचा! फरक कपड्याचा नव्हता. रोलर डर्बीचे नियम खेळणाऱ्या बायकांनी स्वतः बसून लिहिले. बास्केटबॉलचे नियम लिहिणाऱ्यांना रुमाल बांधून कधी खेळावं लागलं नव्हतं.

बंगळुरूत चाकांवर पळणाऱ्या मुली नव्या नाहीत. तिथल्याच अतिता वर्गीसने २०१५ मध्ये ‘गर्ल स्केट इंडिया’ सुरू करून मुलींना स्केटबोर्डवर उभं केलं. मुलगी घसरगुंडीवर पडली की लोक म्हणतात ‘लागलं का?’, आणि स्केटबोर्डवरून पडली की म्हणतात ‘कशाला गेलीस?’ हा प्रश्न रुमालवालीलाही विचारला जातो, बिनरुमालवालीलाही.

पण थांबा. इथवर वाचून कुणाला वाटेल, हिजाब घालू द्या म्हटलं की प्रश्न मिटला. तो मिटत नाही, कारण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या पुण्याच्या एका मुलीने जगाला दाखवली आहे.

सौम्या स्वामिनाथन. बुद्धिबळातली महिला ग्रँडमास्टर, २००९ ची जागतिक कनिष्ठ गटातली विजेती. २०१८ च्या जुलैत आशियाई सांघिक बुद्धिबळ स्पर्धा इराणमधल्या हमदान शहरात होणार होती. भारतीय संघात तिची निवड झाली होती. इराणच्या कायद्याप्रमाणे तिथे प्रत्येक बाईला डोकं झाकावं लागतं. पाहुणी असो, परधर्मीय असो. जूनमध्ये सौम्याने जाहीर केलं की डोक्यावर रुमाल घालण्याची सक्ती आपल्याला मान्य नाही, म्हणून आपण संघातून बाजूला होत आहोत. देशासाठी खेळण्याची संधी तिने सोडली. त्याआधी २०१६ मध्ये नेमबाज हीना सिद्धू हिनेही याच कारणासाठी तेहरानच्या आशियाई एअरगन स्पर्धेला जायचं नाकारलं होतं.

बिलकिसला सांगितलं गेलं, काढ. सौम्याला सांगितलं गेलं, घाल. दोघींनीही नकार दिला आणि दोघीही खेळाला मुकल्या. या दोघी एका टेबलाशी बसल्या तर त्यांचं चांगलं जमेल असं वाटतं.

इराणच्या मुलींचं तर दोन्ही बाजूंनी मरण. २०११ मध्ये रुमाल होता म्हणून अम्मानच्या मैदानावरून परत. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये भिंत चढण्याच्या खेळातली एल्नाझ रेकाबी सेऊलमध्ये उघड्या डोक्याने भिंत चढली, तेव्हा साऱ्या जगाला तिच्या जिवाची काळजी लागली. महसा अमिनीच्या मृत्यूला तेव्हा महिनाच झाला होता.

आपल्याकडे सानिया मिर्झाला हेच निराळ्या तऱ्हेने भोगावं लागलं. मुंबईत जन्मलेली, हैदराबादेत वाढलेली ही मुलगी २००५ मध्ये अठराव्या वर्षी ग्रँडस्लॅमच्या चौथ्या फेरीत पोचली आणि लगेच तिच्या स्कर्टच्या लांबीवरून एका मौलवींनी हरकत घेतली. कोलकात्यातल्या स्पर्धेत तिच्याभोवती पोलिसांचा पहारा वाढवावा लागला. तिच्या फोरहँडबद्दल बोलायचं सोडून लोक तिच्या गुडघ्यांबद्दल बोलू लागले. तिने खेळणं सोडलं नाही, सहा ग्रँडस्लॅम दुहेरी विजेतेपदं मिळवली, म्हणून आज ती चर्चा पोरकट वाटते. त्या वेळी वाटत नव्हती.

आणि या सगळ्याच्या शंभर वर्षं आधी? मुंबईत १८७९ साली जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या बिशप कॉटन शाळेत शिकलेल्या मेहेरबाई टाटा. सर दोराबजी टाटांच्या पत्नी. टेनिसच्या अट्टल खेळाडू आणि खेळायच्या त्या साडी नेसून! पाचवारी पदर सांभाळत त्यांनी भल्याभल्यांना हरवलं, बक्षिसांची रास लावली. पदर रॅकेटमध्ये अडकेल म्हणून त्यांना कुणी बाहेर काढल्याचं ऐकिवात नाही. अर्थात त्या लेडी टाटा होत्या. मोठ्या घरच्या बाईचा पदर आणि गल्लीतल्या मुलीचा रुमाल यांना एकच माप लागत नाही, हेही खरंच.

गल्लीतल्या मुलीला खेळ भेटतो कुठे? शाळेत किंवा कॉलेजात. क्लबची फी परवडणारी घरं थोडी. कॉलेजचा संघ, कॉलेजचं मैदान, कॉलेजचे क्रीडाशिक्षक हीच तिची दुनिया. म्हणून २०२२ मध्ये कर्नाटकात जे झालं त्याची सावली मैदानावरही पडते. उडुपीच्या एका सरकारी कॉलेजात हिजाब घातलेल्या मुलींना वर्गात बसू दिलं नाही, वाद राज्यभर पसरला. १५ मार्च २०२२ रोजी बंगळुरूमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने गणवेश ठरवण्याचा सरकारचा आदेश वैध ठरवला. १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं परस्परविरोधी पडली आणि प्रकरण मोठ्या पीठासाठी सोपवलं गेलं. मुंबईत चेंबूरच्या एका कॉलेजच्या अशाच बंदीला सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये अंतरिम स्थगिती दिली. गणवेश हवा की नको, यावर शहाण्या माणसांची दोन मतं होऊ शकतात, न्यायमूर्तींचीही झाली. पण या भांडणात जी मुलगी कॉलेज सोडून घरी बसली, तिची वही तर सुटलीच, संघही सुटला. खटल्याच्या कागदांत वहीचा उल्लेख तरी आहे. संघाचा कुणी केला नाही.

आता मुंब्र्याला येऊ. ठाण्याच्या पलीकडचं स्टेशन, एका अंगाला पारसिकचा डोंगर, वर मुंब्रादेवीचं देऊळ, खाली खाडी. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य मुसलमान कुटुंबं जीव वाचवून इथे येऊन राहिली आणि गाव बघता बघता दाटीवाटीचं शहर झालं. इमारतीला इमारत चिकटलेली. मोकळी जागा मिळाली तर तिथे मुलं क्रिकेट मांडायची. मुली? त्या शाळेतून घरी, घरातून शिकवणीला.

२०१२ मध्ये सबाह खान आणि त्यांच्या मैत्रिणींनी इथे ‘परचम’ नावाचा गट सुरू केला. परचम म्हणजे झेंडा. उर्दू कवी मजाज यांनी एका कवितेत तरुणीला आपल्या पदराचाच झेंडा करायला सुचवलं आहे, त्यावरून हे नाव. या गटाने मुलींसाठी काय काढावं? शिवणकाम नाही, मेंदीचा वर्ग नाही. फुटबॉल!

मुली आल्या. काहींनी सुरुवातीला घरी सांगितलंच नव्हतं. क्लासला जाते म्हणून निघायच्या आणि मैदानात पोचायच्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहिलं की संध्याकाळपर्यंत घरी खबर. मग गटातल्या बायका त्या घरी जायच्या. आईशी बोलायच्या, बापाशी बोलायच्या. मुलगी काय घालून खेळेल हा प्रश्न प्रत्येक घरात निघायचा आणि त्याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं यायचं. एखादी रुमाल जर्सीच्या गळ्यात खोचून खेळायची, एखादी वेणी बांधून, एखादी विजारीवर अर्धी चड्डी चढवून. मुसलमान मुलींबरोबर हिंदू मुलीही आल्या. पोशाखाचा तिढा असा घरोघरी बोलून सुटत गेला. त्याला हाँगकाँगच्या ठरावाची वाट बघावी लागली नाही.

सुटला नाही तो जागेचा तिढा. मुली मैदानात उतरल्या की मुलं हसायची, चेंडू मध्येच मारून द्यायची, आमची मॅच आहे म्हणून उठवायची. शेवटी मुलींनीच ठरवलं की मैदान मागायचं. कागद घेऊन त्या दारोदार फिरल्या, सह्या गोळा केल्या आणि आमदार जितेंद्र आव्हाडांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मागणी साधी होती : मुलींसाठी राखलेली जागा आणि वेळ. ज्या मुलींना कोपऱ्यावरच्या दुकानात एकटं पाठवायलाही घरचे कां कूं करायचे, त्या आमदाराला विचारत होत्या, मैदान कधी देता? मैदान मिळालं.

आता तिथे दुसरीच भांडणं सुरू झाली. गोलकीपर कोण होणार, यावरून.